चि. संदीपला, हत्यारं चोरीला गेल्यावर

चि. संदीप यास अनेक आशीर्वाद.

वैशालीने फोनवर सगळं सांगितलं. साइटवरची स्टोअरची खोली फोडली, मशीनची पेटी नेली, बिटांचा डबा नेला आणि आजोबांच्या पटाश्यांची कातडी पिशवीही नेली. तू धड जेवत नाहीस, कोणाशी बोलत नाहीस, असंही ती म्हणाली. मी फोन केला असता तर "काही नाही आबा, बघतो" म्हणून तू ठेवून दिला असतास. म्हणून कागदावर लिहून शेजारच्या पोराकडून त्याचे फोटो पाठवतो आहे. सावकाश वाच. पोलीस ठाण्याबद्दल जे लिहिलंय तेवढं मात्र आजच कर.

वाईट वाटणारच रे. लोक म्हणतील, वस्तूच होत्या, नव्या घे. त्यांना म्हणू दे. मी तालुक्याच्या कोर्टात बाकं आणि कपाटं दुरुस्त करायला जायचो, तेव्हा तिथल्या एका वकिलांनी मला एक गोष्ट सांगितली होती, ती मी कधी विसरलो नाही. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ६०वं कलम आहे. माणूस कर्जात बुडाला, कोर्टाचा हुकूमनामा निघाला, घरावर जप्ती आली, तरी काही वस्तूंना हात लावता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं. आणि त्याच यादीत कारागिराची हत्यारं. सावकारालाही जे नेता येत नाही, ते चोराने रात्रीत नेलं. तुझ्या पोटात तुटतंय यात कमीपणा काही नाही.

आता पोलिसांचं. आपल्या आळीतले निवृत्त हवालदार आहेत ना, त्यांच्याकडे सकाळी जाऊन बसलो आणि सगळं विचारून घेतलं. तू साइटवरच्या कोणाच्या तरी सांगण्यावरून साधा अर्ज देऊन आलास, आणि त्यात "साहित्य मिळून येत नाही" असं लिहिलंस, असं वैशाली म्हणाली. ते पुरेसं नाही. मिळून येत नाही म्हणजे हरवलं. तुझं हरवलेलं नाही, बंद खोली फोडून नेलेलं आहे. अशी चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, त्यांना एफआयआर नोंदवावाच लागतो, आणि त्याची प्रत तक्रारदाराला फुकट द्यावी लागते. साधी चोरी असेल तर नव्या भारतीय न्याय संहितेत ३०३वं कलम लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण माल ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतून चोरी झाली तर ३०५वं, सात वर्षांपर्यंत. म्हणून खोली बंद होती, कुलूप होतं, दार कसं उघडलं, हे जबाबात नीट आलं पाहिजे. पंचनाम्याला येतील तेव्हा तू स्वतः तिथे थांब आणि कोयंडा दाखव. तोपर्यंत कोणाला नवा कोयंडा ठोकू देऊ नकोस.

कामावरून सुटायला होत नसेल तर आता तक्रार ऑनलाइनही पाठवता येते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती धरत नाहीत. ठाण्यात टाळाटाळ केली तर आवाज चढवू नकोस. तीच तक्रार लेखी करून पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवायची, तशी कायद्यातच सोय आहे. तेवढं सांगितलं तरी पुष्कळदा काम होतं, असं हवालदार म्हणाले.

यादी मात्र जीव लावून कर. नुसतं "ड्रिल मशीन एक नग" लिहू नकोस. कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल, कधी घेतलं, कुठे फुटलंय, कुठे टेप लावलाय, सगळं लिही. मशीनच्या अंगावरच्या पट्टीवर सिरियल नंबर असतो. बिलं सापडली नाहीत तरी दुकानदाराकडे किंवा वॉरंटीच्या नोंदणीत तो मिळतो. लाकूड कोरायच्या राउटरच्या रिकाम्या खोक्यावर नंबर असेल तर तोही चालेल; खोकं राहत्या खोलीवर आहे ना?

आणि यादीत पहिली आजोबांची इंची पटाशी लिही. कोणी विचारेल, या जुन्या लोखंडाची किंमत काय? किमतीच्या रकान्यात काय लिहायचं ते लिही, पण तिचं वर्णन असं लिही: पातं धार लावून लावून चार बोटं उरलेलं, मूठ बाभळीची, मुठीला लोहाराने घडवलेलं कडं, कड्याच्या खाली तापल्या खिळ्याने डागलेले तीन ठिपके. शिसवी रंध्याचं असं: तोंडापाशी तळ झिजल्यावर तिथे सागाचा तुकडा कबुतरशेपटी सांध्याने बसवलेला, पाचर नंतरची, रंगाने वेगळी. तो तुकडा मी बसवलाय, अंधारात हात फिरवून ओळखेन. मशीनवरचा नंबर चोर खरवडून काढू शकतो. या खुणा कोणाला काढता येणार नाहीत. उद्या माल सापडलाच, तर तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि कोर्टात अर्ज करून सोडवावा लागतो. तिथे ही वस्तू माझीच, हे पटवून द्यावं लागतं. तेव्हा हेच तीन ठिपके कामाला येतील. मागच्या दसऱ्याला खंडेनवमीची पूजा मांडली होती, त्याचे फोटो वैशालीच्या मोबाइलमध्ये असतील. सगळी हत्यारं पाटावर ओळीने मांडलेली आहेत त्यात. ते छापून तक्रारीला जोड.

जुन्या बाजारात चक्कर मारायची तर मार, मी नको म्हणत नाही. पण आपलं काही दिसलं तर तिथे झोंबाझोंबी करू नकोस आणि पैसे देऊन सोडवूनही आणू नकोस. लांबून फोटो काढ, दुकान लक्षात ठेव आणि तपास करणाऱ्याला फोन कर. एकटा जाऊ नकोस.

आता मला सगळ्यात जास्त ज्याची काळजी वाटते ते लिहितो. वैशाली म्हणाली, तुझा संशय त्या राजस्थानच्या पोरावर आहे, कारण तो त्याच दिवशी गावी गेला आणि फोन उचलत नाही. संदीप, तो पोरगा तुझ्या हाताखाली आला तेव्हा त्याला कडा छाटायचा ट्रिमर धरता येत नव्हता. आज तो कपाटाची शटरं, म्हणजे दारं, एकटा बसवतो. गेल्या वर्षी तुला डेंग्यू झाला तेव्हा त्याने साइट सांभाळली आणि घरी डबा पोचवला. तो गावी गेला, एवढंच तुला माहीत आहे. पोलिसांनी विचारलं तर जेवढं माहीत आहे तेवढंच सांग: कोणाकडे किल्ली होती, कोण कधी आलं, कोण कधी गेलं. तपास त्यांनी करायचा. नाव घेऊन "याच्यावर संशय" असं म्हणण्याआधी तुझ्याकडे काय आहे ते बघ. परमुलखातल्या पोराला ठाण्यात बसवून ठेवलं की त्याच्या कपाळावर शिक्का बसतो, मग तो निर्दोष सुटला तरी कोणी त्याला काम देत नाही. आपण सुतार लोक एकमेकांच्या शब्दावर कामं करतो. माझ्या वडिलांनी बलुत्यावर काम केलं, वर्षभर नांगर-पाभर दुरुस्त करायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. त्या सगळ्या व्यवहाराला कागदाचा एक कपटा नव्हता. तो पोरगा परत आला आणि त्याच्या कानावर तुझं बोलणं गेलेलं असलं, तर तो काही बोलणार नाही, पण दुसऱ्या मिस्त्रीकडे जाईल. तसा हात पुन्हा तयार करायला तुला किती काळ लागेल, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याचा फोन लागत नसेल तर त्याच्या चुलत्याला लाव. काय झालं ते सांग आणि कधी येतोस एवढंच विचार.

कामाचं बघू. ठेकेदाराशी आजच बोल. लपवून, रोज उद्यावर ढकलत राहिलास तर तो दुसरी टीम घालेल. त्याला विचार की साइटचा विमा आहे का आणि त्यात कारागिरांचं सामान धरलंय का. बहुधा धरलेलं नसतं, पण विचारायला काय जातं. ज्याच्या घराचं काम चाललंय त्याच्याकडून तारीख पुढची पाहिजे असेल तर तीही आत्ताच मागून घे.

घाईने हप्त्यावर सगळा संच उचलू नकोस. हातातल्या कामाला काय लागतं तेवढंच बघ. स्वयंपाकघराचे बॉक्स उभे आहेत, शटर राहिलेत, म्हणजे ड्रिल, ट्रिमर, बिजागरीचा पस्तीस मिलिमीटरचा बिट, टेप आणि चांगला गुण्या. गुण्या स्वस्तातला घेऊ नकोस, तो अर्ध्या दोऱ्याने चुकीचा निघाला तर सगळी शटरं तोंड वाकडं करून बसतात. दुकानातच तपास: सरळ कडेच्या प्लायवर रेघ मार, गुण्या उलटा कर, त्याच जागेवरून पुन्हा मार, दोन्ही रेघा एकावर एक आल्या पाहिजेत. प्लाय कापायला मशीन आत्ता नको, साइजचं कटिंग पॅनल सॉवर करून घे आणि पट्टीही तिथेच लावून घे. राउटर लागेल तेवढे दिवस भाड्याने आण. नेलगन आणि कॉम्प्रेसर सगळ्यात शेवटी.

पटाशी एकच घे, एक इंची; बारीक मी आणतो आहे. नवी पटाशी दुकानात कितीही चकचकीत दिसली तरी तिची पाठ सपाट नसते. आधी पाठ घास, टोकाकडचा दोन बोटं भाग आरशासारखा झाला पाहिजे, मगच उताराला दगड लाव. तुम्ही हल्लीची पोरं थेट ग्राइंडरवर धरता, पातं निळं पडतं आणि पाणी उतरतं. मग ती पटाशी बॉक्स फोडायलाच बरी.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचंही मी विचारून आलो. २०२३ साली सुरू झाली, अठरा व्यवसाय आहेत, त्यात सुतार आहे. नोंदणी सामान्य सेवा केंद्रातून (सीएससी) होते, मग प्रशिक्षण, त्याचा रोजचा ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत ५ टक्क्यांनी, अठरा महिन्यांत फेडायचं. एका कुटुंबात एकालाच मिळतं, पण कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि बिनलग्नाची मुलं. तुझं लग्न झालंय, त्यामुळे माझं नाव असलं तरी तुझं अडत नाही. अर्ज मात्र छाननीतून तीन ठिकाणी फिरतो. या महिन्याच्या कामाला ते पैसे धरू नकोस. अर्ज टाक आणि विसरून कामाला लाग. १५,००० मध्ये तुझा संच होणार नाही हे मलाही कळतं, पण चांगला ड्रिल आणि ट्रिमर निघेल.

आणि ती खोली. कुलूप तोडलेलंच नाही, कोयंडाच उपसला, असं वैशालीच्या बोलण्यावरून वाटतं. तसं असेल तर कुलूप कितीही भारी घे, उपयोग नाही. कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असले की चोराला एक पेचकस पुरतो. आणि साइटवर पेचकस काय, कुठेही पडलेला असतो. कोयंडा आरपार बोल्टने बसव. बोल्टचं डोकं बाहेरून गुळगुळीत गोल, मानेला चौकोन असलेलं, म्हणजे ते बाहेरून फिरवता येत नाही. नट आतून, खाली जाड पत्र्याची पट्टी. दाराची चौकटही तशीच बघ. नुसती फोमवर उभी असेल तर पहारीने अख्खी उचलून येते. लोकांची घरं पक्की करणाऱ्या माणसाची हत्यारं दोन इंची स्क्रूवर राहिली, हे मला सहन होत नाही. नवी पेटी आली की साखळीने कॉलमला बांध, आणि शनिवारी रात्री मोठी मशीन राहत्या खोलीवर घेऊन जात जा, वजन वाटलं तरी. प्रत्येक मशीनचं आवरण उघडून आतल्या बाजूला खिळ्याने तुझं नाव कोर. वॉरंटी चालू असेल तर ती संपल्यावर कोर.

वैशाली रडत म्हणाली, यंदा खंडेनवमीला पाटावर काय मांडायचं. तिला सांग, जे हातात असेल ते मांड. टेप आणि पेन्सिल असली तरी मांड.

माझ्याकडे अजून एक रंधा आहे, लोखंडी, मी शाळेच्या बाकांच्या कामाला घेतला होता तो. तळ तपासलाय, पातं काढून घासायला घेतलंय. पाव इंची आणि अर्धा इंची पटाशी आहे, मुठी सैल झाल्यात, त्या बदलून आणतो. धारेचा दगडही आणतो. आई म्हणते, मी पण येते. तेव्हा रविवारी दोघं पहाटेच्या एसटीने निघतो, स्वारगेटला दहा-साडेदहापर्यंत पोचू. तू घ्यायला येऊ नकोस, कामावर जा, आम्ही वाकडच्या बसने येऊ. तुला वेळ मिळाला तर दुपारी त्या खोलीचं दार मला दाखव, कोयंडा आपण दोघं बसवू.

एफआयआर झाला की त्याचा नंबर आणि तपास करणाऱ्याचं नाव फोनवर सांग. मी वहीत लिहून ठेवतो. आणि रात्री जेव.

तुझे,
आबा