पंपावर इथेनॉल किती ते लिहा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे २००१ सालची हिरो होंडा स्प्लेंडर आहे, वडिलांनी घेतलेली. ते गेले, गाडी माझ्याकडे आली, आणि अजून रोज रानात जाते, आठवड्यातनं दोनदा कराडला जाऊन येते. ९७ सीसीचं छोटं इंजिन, वेळेवर ऑईल बदललं की कुरकुर नाही. पण गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या दुखण्यामुळं तीन आठवडे शेडमध्ये उभी राहिली आणि काढायला गेलो तर चालूच होईना. चोक ओढला, प्लग काढून पुसला, स्पार्क तर येतोय, किका मारून मारून घामाघूम झालो पण गाडी काही धरत नाही.

शेवटी गावातल्या फिटरनं कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) खालची वाटी खोलली आणि टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढलं. ग्लासात वर पेट्रोल आणि तळाला वेगळा गढूळ थर! वाटीच्या कडेला पांढरी पावडर चढलेली आणि स्लो जेटचं, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं तेव्हा पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचं भोक, जे मुळात सुईच्या टोकाएवढं, ते चिकट घाणीनं बुजलेलं. त्यानं वायरीतली तांब्याची एक बारीक तार काढून ते भोक साफ केलं, टाकी धुतली, कडक झालेला पेट्रोलचा पाईप बदलला, मग दुसऱ्या किकला गाडी चालू.

हे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं, म्हणजे उसापासनं वगैरे बनणाऱ्या अल्कोहोलचं काम. इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीच्या झाकणातनं पावसाचं पाणी मुरलं आणि ते जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं, आणि पेट्रोल सोडायचा-बंद करायचा कॉक तर टाकीच्या तळालाच असतो ना, म्हणजे पहिल्यांदा तेच कार्बोरेटरात जाणार. दुसरी गोष्ट अशी की एक किलो पेट्रोल जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, इथेनॉलला नऊच किलो, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतो, तो बघून इंधन वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक आहे तेवढंच राहणार, त्याला काय कळणार टाकीत काय ओतलंय. म्हणून मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, सकाळी गाडी उशिरा धरते, रेस सोडली की फटफट आवाज येतो, अ‍ॅव्हरेजही उतरतं.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही हे स्पष्ट सांगतो. माझा स्वतःचा ऊस कारखान्याला जातो, इथेनॉलमुळं कारखान्याच्या हातात पैसा येतो आणि आमची बिलं निघायला मदत होते, ते मला चांगलं माहीत आहे. पण ई२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला चालेल अशा सामानाच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या, आणि एप्रिल २०२० ला बीएस ६ हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम आला त्याआधीच्या लाखो कार्बोरेटरच्या गाड्या आजही गावोगाव रस्त्यावर आहेत. दूधवाले, गवंडी, शाळेतले शिपाई, सगळे त्याच गाड्यांवर फिरतात. त्यांना नवी गाडी परवडत नाही, आणि चांगली चालणारी गाडी भंगारात का घालायची?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पंपावर मशीनवरच मोठ्या मराठी अक्षरात लिहा की या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती टक्के आहे. मी विचारलं तर पंपावरच्या पोराला सांगता आलं नाही, त्यात त्याची चूक नाही, त्यालाच कुणी सांगितलेलं नाही. आणि तालुक्यात निदान एका पंपावर साध्या दरात कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवा. महागडं प्रीमियम पेट्रोल हा आमच्यासाठी पर्याय नाही.

तोवर ज्यांच्याकडं अशा गाड्या आहेत त्यांना एक सांगतो. गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होते. पाईप आणि कार्बोरेटरातली रबरी सीलं कडक झाली की लगेच बदला, खर्च फार नाही. वडील रोज रात्री गाडी लावताना आठवणीनं कॉक बंद करायचे, आता मीही करतो.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली