स्वर्गवासी अध्यक्षांची सही कुठून आणायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली ‘पात्र स्थानिक संस्थाच मिळेनात, सीएसआर निधी खर्चाविना’ ही बातमी वाचली. (सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्याप्रमाणे समाजकामासाठी खर्च करायचा नफ्यातला वाटा.) एका बड्या कंपनीच्या फाउंडेशनच्या अधिकाऱ्यांनी खंत व्यक्त केली आहे आणि आपण त्या खंतीला फोटोसह चार कॉलम दिले आहेत. न मिळणाऱ्या संस्थांपैकी एकीचा मी खजिनदार आहे. उत्तराला अर्धा कॉलम तरी द्यावा, ही नम्र विनंती.

बातमीत सार्वजनिक न्यासाची नोंदणी, १२ए व ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), सीएसआर-१ (सीएसआरची कामे करण्यासाठी संस्थेची नोंदणी) आणि तीन वर्षांचा अनुभव एवढ्या अटी दिल्या आहेत. हे सगळे आमच्याकडे आहे. मध्यंतरी आयकर खात्याने सगळ्याच संस्थांना नव्याने नोंदणी करायला लावली, तीही मुदतीत केली. सीएची फी कार्यकारिणीने वर्गणी काढून भरली. पण बातमीत पुढे ‘इत्यादी’ म्हणून ज्या अटी सोडून दिल्या आहेत, घोडे तिथेच अडते.

आमचे काम साधे आहे. घरी आजारी माणूस असलेल्यांना फाउलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर-खाली होणारा रुग्णांचा बेड), व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारे यंत्र) अनामत घेऊन वापरायला द्यायचे, काम झाले की परत घ्यायचे. अनामत परवडत नसेल तर तीही घेत नाही. चिपळुणात कुणाच्या घरी कंबरेचे हाड मोडले की डॉक्टरच आमच्याकडे पाठवतात. गेल्या वर्षी याच फाउंडेशनकडे आम्ही अर्ज केला. मागणी काही बेड आणि कॉन्सन्ट्रेटरची, रक्कम तीन लाखांच्या आतली.

अर्जासोबत परिशिष्ट एकचा उतारा (न्यासाच्या सरकारी नोंदवहीतली विश्वस्तांच्या नावांसह नोंद) मागितला होता, तो जोडला. त्या उताऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येक विश्वस्ताचे पॅन, आधार आणि सही हवी, अशी अट. आता उताऱ्यावर पहिले नाव आमच्या संस्थापक अध्यक्षांचे आहे. ते निवृत्त हेडमास्तर होते आणि २०२२ मध्ये वारले. त्यांच्या जागी नवे विश्वस्त घेतल्याचा चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल नोंदवून घेण्याचा अर्ज, आम्ही कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल केला. विरोध कुणाचाही नाही. तरी तारखा पडताहेत, आणि उताऱ्यावर जुनेच नाव आहे. (तो वेगळ्या पत्राचा विषय आहे आणि ते पत्र आपण छापाल की नाही, याची मला शंका आहे.) आम्ही मृत्यूचा दाखला, चेंज रिपोर्टची पोच आणि कार्यकारिणीचा ठराव असे सगळे जोडले. उत्तर आले, ‘सर्व विश्वस्तांच्या सह्या नसल्याने अर्ज अपूर्ण.’ फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय सभ्य होता. म्हणाला, ‘सर, मला कळतंय, पण एक रकाना रिकामा राहिला तर सिस्टीम पुढेच जात नाही.’

हेडमास्तरांनी हयातीत एकही कागद अपुरा ठेवला नव्हता. सहीसाठी अर्ज कुठल्या पत्त्यावर पाठवायचा, ते फाउंडेशननेच कळवावे.

दुसरी अट, गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान पंचवीस लाख. आमचा वर्षाचा खर्च दीड-दोन लाख. खोली फुकट, माणसे फुकट, टेम्पोवालाही निम्म्या वेळा भाडे घेत नाही. पंचवीस लाखांची उलाढाल असती तर तीन लाखांसाठी तुमच्या दारात कशाला आलो असतो? ही अट कंपनी कायद्यात कुठे आहे, ते आपल्या वार्ताहराने विचारायला हवे होते. सीएसआरच्या कलम १३५ मध्ये मला ती सापडली नाही, नियमांतही नाही. उलट कंपनी जिथे चालते तो परिसर आणि आजूबाजूचा भाग यांना प्राधान्य द्यावे, असे मात्र त्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. आणखी एक गंमत. नियमांमधली तीन वर्षांच्या अनुभवाची अट बाहेरच्या संस्थांना आहे. कंपनीने स्वतः काढलेल्या फाउंडेशनला ती लागू नाही. म्हणजे त्यांचे फाउंडेशन जन्मतःच अनुभवी, आणि शंका घ्यायची ती आमच्यावर.

हे सगळे मी सोडूनही दिले असते. पण २२ जुलै २०२१ विसरता येत नाही. वाशिष्ठी नदीच्या पुराचे पाणी बाजारपेठेत शिरले त्यात आमच्या खोलीतले सगळे साहित्य गेले. बेडच्या मोटारी चिखलाने भरल्या, गाद्या तर ओळखूही येईनात. तरी दोनेक दिवसांत आमची माणसे बाहेर पडली, कारण कुठल्या गल्लीत कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कुणाला इन्शुलिन लागते, हे आम्हाला पाठ होते. तेव्हा याच कंपनीचा ट्रक आला होता. पाण्याचे बॉक्स, बिस्किटे, ब्लँकेट. बरोबरचे अधिकारी आमच्या खोलीसमोर उभे राहून विचारत होते की माल कुठे उतरवू, यादी कुणाकडे आहे. यादी आमच्याकडे होती. हेडमास्तर, वय वर्षे सत्तरीच्या पुढे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या ट्रकच्या पुढे चालत होते. त्या दिवशी कुणी परिशिष्ट एक मागितले नाही, कुणी उलाढाल विचारली नाही. माल वाटून झाल्यावर फोटो मात्र काढले. कंपनीच्या वार्षिक अहवालात आमच्या माणसांचा फोटो आहे, संस्थेचे नाव नाही.

म्हणून ‘संस्था मिळत नाहीत’ हे वाक्य जरा झोंबले.

अटी असूच नयेत, असे मी म्हणत नाही. नावापुरत्या काढलेल्या आणि बापलेकांनी चालवलेल्या संस्था या जिल्ह्यातही आहेत, नावे आपल्यालाही ठाऊक असतील. पण तीन लाखांच्या बेडसाठी तीन कोटींच्या प्रकल्पाचा अर्ज भरून घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. कंपनीला स्वतः बेड विकत घेऊन देता येतात. महिन्यातून एकदा माणूस पाठवून ते कुणाच्या घरी आहेत, हे रजिस्टरवरून पाहता येते. आमचे रजिस्टर कुणालाही बघायला उघडे आहे. एवढेही करायचे नसेल तर निधी खर्चाविना राहिल्याचे दुःख कशाला? चालू प्रकल्पासाठी राखून न ठेवलेला पैसा वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सरकारी निधीत भरायचाच आहे. तो दिल्लीला जाईल. इथला म्हातारा जमिनीवरच्या गादीवरून उठायला शेजाऱ्याला हाक मारेल.

अधिकाऱ्यांनी या पत्राला उत्तर द्यायचे ठरवले तर एवढेच सांगावे, की गेल्या तीन वर्षांत त्यांनी या तालुक्यातले किती अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवले. आकडा सिस्टीममध्ये असणारच.

आपला,
एका नोंदणीकृत संस्थेचा खजिनदार, चिपळूण
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, छापू नये.)

ता. क. – आमच्या साहित्य केंद्राच्या नव्या वेळांची चार ओळींची बातमी दिवाळीपूर्वी आपल्या कार्यालयात हातोहात दिली होती. ‘जागा नाही, छोटी जाहिरात द्या’ असे सांगण्यात आले. कालच्या पानावर पुठ्ठ्याचा भलामोठा चेक धरून उभ्या असलेल्या सात जणांच्या फोटोला जागा मिळाली, हे पाहून आनंद झाला. वेळा अजूनही त्याच आहेत : सकाळी १० ते १२, रविवारी बंद.