माझ्या अंदाजावर विश्वास ठेवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

हे पत्र आपल्या घरी आणून देता आले असते; परंतु समोर बसून इंग्रजी शिकवल्याबद्दल आभार मानू लागले की आपण विषय चहाकडे वळवता, म्हणून ते सर्वांसमक्ष लिहीत आहे.

सांगोल्याकडच्या आमच्या डाळिंबाच्या बागेचे व्यवहार माझ्याकडे आले, तेव्हा चेन्नईच्या व्यापाऱ्यांशी इंग्रजीत बोलणे अपरिहार्य झाले. त्यांना हिंदी येत नाही, मला तमिळ येत नाही. गाडी पाठवण्यापूर्वी ते हटकून पावसाची चौकशी करतात, कारण भिजलेले फळ लांबच्या प्रवासात टिकत नाही आणि पावसाळी दमट हवेत तेल्या हा डाळिंबावरचा रोग बागभर पसरतो. त्यावर 'येस सर, रेन सर' यापलीकडे मला काही सांगता येत नसे. हीच अडचण घेऊन मी शहरातल्या एका क्लासात गेले, तर तेथे भविष्यकाळाचे तक्ते पाठ करायला मिळाले. हवामानाची वाक्येही सारी हिमवर्षावाची. डिसेंबरात सोलापूरकर हुरडा खायला निघतात, बर्फ उपसायला नव्हे, याची त्या पुस्तकाला दादच नव्हती. कोणी अडखळले की वर्गात हशा पिके आणि त्यात शिकवणाऱ्यांचा आवाज सर्वांत मोठा असे. फी अर्थातच आगाऊ घेतलेली होती.

मग आपल्याकडे आले, तर आपण मला थेट गच्चीवर नेलेत. ढग डोळ्यांसमोर दाटले असतील तर 'इट इज गोइंग टू रेन', केवळ मनाला वाटत असेल तर 'आय थिंक इट विल रेन', आणि तेवढीही खात्री नसेल तर 'इट माइट रेन', हे आपण आकाशाकडे बोट दाखवून शिकवलेत. पुढे हवामान खात्याची इंग्रजी पत्रके वाचून घेतलीत. त्यांतला 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५ टक्के, आणि 'हेवी रेन' म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस, हे कळल्यावर तोडणी कधी थांबवावी याविषयी घरात माझे मत विचारले जाऊ लागले.

परंतु माझ्या मनात घर करून राहिली आहे ती एका दुपारची गोष्ट. नैर्ऋत्येकडून आभाळ भरून येत होते आणि मी, क्रियापदाची पुरती मोडतोड करत, आता पाऊस येणार असे इंग्रजीत म्हणाले. आपण वाक्य दुरुस्त केले नाहीत. 'थँक यू' म्हणालात, उठलात आणि दोरीवरचे वाळत घातलेले कपडे गोळा करू लागलात. माझ्या इंग्रजी बोलण्यावरून कोणी काही काम केल्याची ती पहिलीच वेळ होती. व्याकरणाकडे आपण वळलात ते कपड्यांच्या घड्या घालून झाल्यावर. समोरचा माणूस काय सांगतो आहे ते आधी ऐकावे आणि कसे सांगतो आहे ते मागाहून पाहावे, एवढी माणुसकी अनेक पदवीधारकांनाही का साधत नाही, हे मला अजून उमगलेले नाही. दुकानात, कचेरीत, दवाखान्यात ज्यांना ती साधते त्यांच्यामुळेच माझ्यासारख्यांचे दिवस सुसह्य होतात.

परवा त्या व्यापाऱ्यांना मी सांगितले की गुरुवारी पाऊस पडण्याची शक्यता आहे, म्हणून गाडी बुधवारीच पाठवावी. त्यांनी एकही उलटा प्रश्न न विचारता ती पाठवली.

आता आमच्या वहिनींनाही आपल्याकडे शिकायचे आहे. त्यांना मी येत्या सोमवारपासून पाठवत आहे. मात्र माझ्याकडून कधी घेतली नाहीत ती फी या वेळी दोघींची मिळून घ्यावी, नाहीतर त्या यायला तयार नाहीत.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
विजापूर रोड, सोलापूर