वळणाच्या टोकाशी उभ्या राहणाऱ्या ताईंना

ताई,

सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि माझ्या हेल्मेटचा पट्टा आवळायला लागता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही मला जे दिलंत ते डोंगरात सायकल चालवणाऱ्यांच्या उपयोगाचं आहेच; पण डोकं थांबत नाही म्हणून रात्रभर कूस बदलत पडणाऱ्या कुणालाही ते कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुमची माझी ओळख झाली तेव्हा आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते. तिच्या आजारपणातले शेवटचे महिने माझ्या डोक्यातून हलत नव्हते. कपडे वाळत घालताना, कामाच्या बैठकीत, जिना उतरताना तीच उजळणी. आणखी एका डॉक्टरांना दाखवलं असतं तर? त्या रात्री मी तिच्यापाशीच थांबले असते तर? भोवतालची माणसं मायेनं सांगायची, 'झालं ते झालं, आता वर्तमानात जग.' कसं जगायचं हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला बसले तर मिटल्या डोळ्यांपुढे आईच यायची. ध्यानाला मी नावं ठेवत नाही, अनेकांना त्याचा मोठा आधार असतो. त्या दिवसांत मला तो मिळाला नाही, एवढंच.

तुम्ही आईबद्दल एक अक्षर विचारलं नाहीत. हातात सायकल दिलीत, डोळे उघडे ठेवायला सांगितलंत, आणि ते कुठे ठेवायचे तेही सांगितलंत.

सुरुवातीला कितीतरी दिवस तुम्ही मला उतारावर जाऊच दिलं नाहीत. सपाट जागेवर नुसतं उभं राहणं: सीट खाली, दोन्ही पेडलं जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरं सैल, ब्रेकवर एकच बोट. ब्रेक लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून सायकल थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये. आणि वळणात तोच करकचून दाबला तर पुढचं चाक निसटतं. हे तुम्ही अगदी हळू वेगात मला हातापायांनी कळू दिलंत, पुन्हा पुन्हा. त्या तासाभरात डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच उरत नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कोपर सैल आहे का, टाच कुठे आहे, बोट कुठे आहे, एवढं सांभाळता सांभाळता बाकीची उजळणी बाहेरच ताटकळत राहायची.

मग ते उजवं वळण आलं. अरुंद पायवाट, वळणाच्या तोंडाशी आडवं पसरलेलं ओलं मूळ, आणि बाहेरच्या कडेला गुडघ्याएवढा दगड. मी दगडाकडे बघायचे आणि सायकल इमानेइतबारे दगडाकडेच जायची. तुम्ही खाली उतरून वळण संपतं तिथे जाऊन उभ्या राहिलात आणि हात वर केलात. म्हणालात, 'किती बोटं आहेत ते मोठ्यानं सांगा. दगडाकडे मी बघते.' मी मान वळवून तुमचा हात शोधला. 'तीन!' असं ओरडेपर्यंत दगड मागे पडला होता. मुळावरून जाताना ब्रेक सोडायचा असतो, ओल्या लाकडावर चाक अडलं की घसरलंच. तो मी सोडला होता. कधी सोडला ते मला आजही सांगता येणार नाही. दर वेळी तुम्ही वेगळी बोटं दाखवायचात, म्हणून आठवणीतून उत्तर देता येत नव्हतं. बघावंच लागत होतं.

नंतर मी यावर वाचत सुटले, तुम्हाला माझी सवय माहीत आहे. १९९४ साली मायकेल लँड आणि डेव्हिड ली या दोन संशोधकांनी मोटार चालवणाऱ्यांची नजर नेमकी कुठे असते ते टिपलं. वळणात शिरायच्या एक-दोन सेकंद आधीच चालक आतल्या कडेवरचा तो बिंदू शोधतात, जिथून पुढचा रस्ता कडेआड जातो, आणि वळणभर पुन्हा पुन्हा तिथेच बघतात. आपल्या पायवाटेचा हिशोबही सरळ आहे. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. काही दिसल्यावर हात हलायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो, तेवढ्यात सायकल मीटरभर पुढे गेलेली असते. म्हणजे पुढच्या चाकाखाली जे आहे ते आपल्या दृष्टीनं होऊन गेलेलं आहे. त्याचं आता काहीच करता येत नाही.

'या क्षणात जगा' असं सगळे म्हणतात तेव्हा मला वाटायचं, आत्ता पायाखाली आहे तिथेच नजर रोवून बसायचं. ते मला कधी जमलं नाही. तुमच्याकडे शिकल्यावर उमगलं की चालत्या माणसाचा आत्ताचा क्षण त्याच्या थोडा पुढे असतो, चार-सहा मीटरवर, जिथे अजून काही करता येतं. तिथे नजर ठेवली की हातपाय आपलं काम बिनबोभाट करतात. मला वाटतं, मन शांत करायचा आटापिटा मी सोडला तो त्या दिवसांत. डोळ्यांना आणि हातांना नेमकं काम मिळालं की मन त्यांच्यामागून येतं.

हे सायकलपुरतंच आहे असं नाही. कडा चढणारी माणसं पाऊल नीट टेकेपर्यंत नजर पावलावरून काढत नाहीत. नदीत कयाक चालवणारे खडकांच्या मधून जाणारी गुळगुळीत पाण्याची जीभ शोधतात आणि नाव तिकडे वळवतात. खडकाकडे बघत राहणारा खडकावर जातो. खेळ वेगळे, पण प्रत्येकात नजरेला एक पक्की जागा नेमून दिलेली.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद अशा लोकांना विचारलं की कामात बुडून जाता तेव्हा नेमकं काय होतं. उत्तरं आश्चर्य वाटावं इतकी सारखी होती. पुढे काय करायचं ते स्पष्ट असतं, बरोबर की चूक ते लगेच कळतं, आणि काम आपल्या कुवतीच्या अगदी कडेला असतं. सोपं पडलं तर कंटाळा येतो, झेपेना झालं तर भीती वाटते. ही तिसरी गोष्ट आपली आपल्याला ठरवता येणं कठीण. माझ्यासाठी ती तुम्ही ठरवलीत. कालच्यापेक्षा जरासा अवघड उतार, त्याहून जास्त कधीच नाही. जोखमीनं माणूस भानावर येतो असं बरेचजण सांगतात. मला ते पटत नाही. खूप भीती वाटली की नजर आखडते, हात आखडतात, आणि माणूस त्याच एका दगडाकडे बघत राहतो. मला भानावर आणलं ते तुमच्या मापात बसवलेल्या अवघडपणानं.

त्यातलीच एक सकाळ. उभा कातळ उतरायचा होता, आदल्या खेपेला मी तो उतरले होते. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, 'रात्री झोप झाली का?' झाली नव्हती. 'मग आज सायकल हातात धरून उतरा.' तुम्हीही उतरलात आणि माझ्याबरोबर चालत आलात. स्वतः सहज जाऊ शकणारी व्यक्ती तुमच्यासाठी खाली उतरून चालते तेव्हा काय वाटतं, हे मला नीट मांडता येत नाही. पण मला तुमचे जे आभार मानायचे आहेत त्यात त्या चालण्याचा वाटा मोठा आहे.

रिपॅकची गोष्टही तुमच्याचकडून ऐकलेली. उतरताना ब्रेक सारखा धरून ठेवू नका, वळणाआधी सरळ वाटेवर वेग कमी करा आणि वळणात सोडा, हे सांगता सांगता तुम्ही कॅलिफोर्नियात पोचलात. माउंट टॅमलपाइसच्या परिसरातली काही तरुण मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्यानं खाली यायची. मागच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे मधल्या तुंब्यातला, ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि दर उतारानंतर हब उघडून ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या वाटेचं नाव रिपॅक. १९७६ साली तिथे शर्यती सुरू झाल्या, त्या मंडळींतल्या जो ब्रीझ नावाच्या तरुणानं १९७७ मध्ये खास याच कामासाठी सायकली बांधायला घेतल्या, आणि १९९६ मध्ये डोंगरी सायकलिंगचा हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पोचला. पदकापर्यंतचा हा प्रवास मोठाच. पण तुमचे डोळे चमकतात ते ग्रीस भरणाऱ्या त्या हातांबद्दल बोलताना, हे मी पाहिलं आहे. संध्याकाळी सायकल उलटी करून चेन पुसताना तुम्ही तशाच असता, पूर्ण तिथे.

मन भरकटणं ही काही माझ्या एकटीची व्याधी नव्हती. २०१० साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं की आत्ता काय करताय आणि मनात काय चाललंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि तेव्हा माणसं कमी आनंदात होती. सुखाच्या विचारात रमलेलीही हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हती. हे वाचलं तेव्हा मला धीर आला.

एक मात्र स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. सायकलनं माझं दुःख गेलं नाही. आईची आठवण रोज येते. फरक पडला तो एवढाच की ती आता आजारपणाच्या खोलीतून येत नाही. एकदा चढावर धाप लागून थांबले होते, घामानं डोळे चुरचुरत होते, आणि मला तिचा हसण्याचा आवाज आठवला. आजारी पडण्याआधीचा. तो मी हरवून बसले होते, ताई. उजळणी थांबल्यावर त्याला यायला वाट मिळाली असावी. त्या दिवशी मी रडले ते तुम्ही पाहिलंत, आणि चढ संपेपर्यंत माझ्या मागेच राहिलात.

बाकी गोष्टींचे आभार थोडक्यात मानते, पण मनापासून. चालत येणाऱ्याला आधी वाट द्यायची, चढणाऱ्यासाठी उतरणाऱ्यानं थांबायचं. चाक लॉक करून घसरत जायचं नाही, कारण त्या चरातून पुढे पाणी वाहतं आणि पायवाट खचते. वाट ओली असली की तिला हात लावायचा नाही, कितीही जावंसं वाटलं तरी. हे नियम तुम्ही कधी उपदेश म्हणून सांगितले नाहीत, नुसते पाळत आलात.

आता तुमचं मनगट दुखावलं आहे आणि सक्तीनं बसून राहणं तुमच्या जिवावर आलं आहे, ते कळतंय. घाई करू नका. प्लास्टर निघालं तरी पकड यायला वेळ लागतो, आणि पकड नसताना उतारावर जायचं नाही हे तुम्हीच शिकवलेलं आहे. तोवर सपाट जागेवर मी तुमच्याबरोबर चालेन. तुमच्या सायकलची चेन पुसून तेल घातलं आहे, मागचे ब्रेक पॅड झिजले होते ते बदलले. टायर ट्यूबलेस आहेत म्हणून हवा नेहमीसारखी कमीच ठेवू, की मनगटासाठी पुढच्यात आणखी थोडी सोडू, तेवढं कळवा.

तुमची,
शिकाऊच राहिलेली विद्यार्थिनी