रेक्टर मॅडम, तुम्ही एकदाही "काळजी करू नका" म्हणाला नाहीत

रेक्टर मॅडम, नमस्कार.

परवा पोरीच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर मेसेज आला की तुम्ही रिटायर झालात, तिने तो मला फॉरवर्ड केला आणि मी पीएचसीच्या, म्हणजे आरोग्य केंद्राच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्याच वाचला, तेव्हापासून डोक्यात आहे की हे लिहायचं. फोनवर बोलायला गेलं की मला रडू येतं आणि तुम्ही विषय बदलता, म्हणून इथे लिहितेय, चारचौघात. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात आशा वर्कर आहे. कोरोनात घरोघरी गेलेल्यांपैकी एक. 2020 ला 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' चालू झालं तेव्हा गळ्यात थर्मल गन आणि हातात ऑक्सिमीटर घेऊन अख्खं गाव पालथं घातलं, ऑक्सिजन 95 च्या खाली आलं की नाव वेगळं लिहायचं, सिस्टरला कळवायचं. लोक दारं लावून घ्यायची. दुसऱ्या लाटेत तर काय बघितलं ते आता सांगत बसत नाही, माझ्या बहिणीचा नवरा गेला, बेडसाठी बार्शी सोलापूर करता करता गेला, एवढंच सांगते. त्यामुळे लोक म्हणायचे तुम्ही तर आरोग्यवाल्या, तुम्हाला काय भीती. अहो, जास्त माहिती असते त्यालाच जास्त भीती असते ना.

पोरगी 2020 ची बारावी. सीईटी ऑक्टोबरात झाली, पुण्याच्या कॉलेजात ॲडमिशन व्हायला जानेवारी उजाडला, आणि पहिलं वर्ष सगळं मोबाईलवर. आमच्या घरात रेंज नाही, तर ती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून लेक्चर करायची, डोक्यावर ओढणी, हातात वही, खाली म्हशी. कॉलेजचं गेटसुद्धा न बघता इंजिनिअरिंगचं एक वर्ष पास झाली. फी मात्र पूर्ण भरली हो, त्याचं काय बोलायचं, जाऊ दे.

मग ऑक्टोबर 2021. सरकारने सांगितलं 20 तारखेपासून कॉलेजं चालू, अठराच्या वरच्यांचे दोन्ही डोस झालेले पाहिजेत. हिचे झाले होते, पहिला जुलैत, मग 84 दिवस मोजून दुसरा, मीच रांगेत उभं करून दिलेला. म्हणजे अडवायला माझ्याकडे कारणच उरलं नाही. गावातल्या बायांना मी सांगत फिरायचे की लस घेतली की निर्धास्त राहा, कामाला जा, आणि घरी येऊन पोरीला म्हणायचे अजून थोडं थांब, हे सेमिस्टर ऑनलाईन कर. ती एकदा म्हणाली, "आई तू गावाला एक सांगतेस आणि मला एक." खरं होतं. मी तिला उलट रागावले.

कॉलेजकडून एक हमीपत्र आलं, पालकांनी सही करायचं. पाल्याला स्वतःच्या जबाबदारीवर पाठवत आहोत, काही झाल्यास कॉलेज जबाबदार राहणार नाही. ह्यांनी सही करून टाकली, माझ्याने होईना. त्या कागदाच्या खाली हॉस्टेलचा नंबर होता, तो लावला, आणि तुम्ही उचललात.

माझ्या आशाच्या डायरीच्या मागच्या पानावर मी चौदा प्रश्न लिहून ठेवलेले, ते पान अजून आहे. मला वाटलेलं की तुम्ही म्हणाल मॅडम आम्ही सगळी काळजी घेतो, निश्चिंत राहा, आणि ठेवाल. ऑफिसात दोनदा फोन केला तेव्हा हेच झालं होतं. तुम्ही म्हणालात, थांबा, चहा गॅसवर आहे, बंद करून येते. मग एकेक प्रश्न ऐकून घेतलात. बाथरूम किती पोरींना किती? बारा पोरींना दोन, त्यात मला काही करता येत नाही. मास्क घालतात का? कॉलेजात घालतात, रूमवर काढतात, मी रात्रभर दारात उभी राहू शकत नाही. मेस? तोंड उघडल्याशिवाय जेवता येत नाही ताई, दोन पाळ्या केल्यात आणि खिडक्या उघड्या ठेवते, थंडीत पोरी कुरकुर करतात पण ठेवते. आजारी पडली तर? वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या दोन खोल्या रिकाम्या ठेवल्यात, त्यांचं बाथरूम वेगळं आहे.

शेवटचा प्रश्न मी जरा चिडूनच विचारला की तुमच्या कागदावर लिहिलंय कॉलेज जबाबदार नाही, मग जबाबदार कोण? तुम्ही थोडा वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "कागदावर कोणीच नाही. पण रात्री माझं दार वाजवलं तर मी उठते."

मी फोन ठेवला आणि सही केली.

दिवाळीनंतर पाठवली, आणि नेमका तेव्हा एसटीचा संप. वडापच्या जीपने टेंभुर्णी, तिथून खासगी गाडी, मागतील तेवढे पैसे, असं करत हे तिला सोडून आले. मग पंधरावीस दिवस होतायत तोवर टीव्हीवर ओमिक्रॉन, डोंबिवलीला सापडला, दुसऱ्या दिवशी पिंपरीचं आणि पुण्याचं नाव. मी तिला दिवसातून चार वेळा फोन करायचे, ती वैतागून उचलायची नाही, मग मी तुम्हाला लावायचे. तुम्ही उचलायचात. एकदाच म्हणालात की ताई सकाळी सातच्या आधी करू नका, मी अंघोळीला असते.

5 जानेवारीला सरकारने परत कॉलेजं बंद केली, 15 फेब्रुवारीपर्यंत ऑनलाईन. पोरींनी बॅगा भरल्या. आणि हिला 6 तारखेला ताप. 7 ला रात्री पावणेबाराला तुमचा फोन, मी अजून ते वाक्य जसंच्या तसं सांगू शकते, "ताई, पोरगी पॉझिटिव्ह आलीय, ताप 101 आहे, ऑक्सिजन 97 आहे, ती जागी आहे, आत्ता दूध बिस्कीट खाल्लंय." आधी दम धरा वगैरे काही नाही. आम्ही पेशंटच्या घरी सांगताना इकडचं तिकडचं बोलून मग मुद्द्यावर येतो, तोवर समोरच्याचा जीव अर्धा होतो. तुमच्याकडून मी हे शिकले मॅडम, आता तसंच सांगते.

पण त्या रात्री मी तुमच्यावर ओरडले. काय काय बोलले. तुमच्या खिडक्या उघड्या ठेवून काय झालं, तुमच्या भरवशावर पाठवली होती, असलं. तुम्ही ऐकून घेतलंत. त्याची माफी मी कधी मागितली नाही, आज मागते.

ह्यांनी लगेच मोटारसायकल काढली होती, रात्री, थंडीत, दोनशेच्या वर किलोमीटर. तुम्हीच अडवलंत. म्हणालात, येऊन तुम्ही गेटबाहेर बसणार, आत मी सोडणार नाही, आणि तुम्ही आजारी पडलात तर मी दोघांना बघू शकत नाही. राग आला होता तेव्हा ह्यांना, आता स्वतःच सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरतात.

अख्खं हॉस्टेल रिकामं झालं, राहिल्या तीन पोरी आणि तुम्ही. मेस बंद. तुमची पण सुट्टी होती, तुमच्या घरी सत्तरीच्या पुढची आई होती, हे मला नंतर पोरीने सांगितलं. ते सात दिवस तुम्ही घरी गेला नाहीत कारण आईला लागण नको म्हणून. तुमच्या आईला त्या आठवड्यात कोणी बघितलं हे मी आजपर्यंत विचारलं नाही.

मला पोरीच्या आकड्यांवर विश्वास नव्हता. दर वेळी 98. घाबरू नये म्हणून पोरं खोटं सांगतात, गावात पण तेच करतात. मी तुम्हाला म्हणलं, मॅडम फोटो पाठवा. तर तुम्ही सकाळ संध्याकाळ ऑक्सिमीटरचा फोटो पाठवायचात, बोटासकट. नखावर दिवाळीच्या मेंदीचा रंग राहिला होता, खालून निम्मं नख पांढरं वाढलेलं, वर निम्मं केशरी. मी मोबाईलवर मोठं करून करून आधी नख बघायचे, मग आकडा. हो, हिचंच बोट आहे.

सहा मिनिटं चालवून परत ऑक्सिजन बघायचा हे मी सांगितलं तर तुम्ही रोज तिला कॉरिडॉरमध्ये चालवलंत, तुम्ही या टोकाला खुर्चीवर, ती त्या टोकाला, आणि तुम्ही घड्याळ बघून ओरडायचात "अजून दीड मिनिट, पाय उचल!" पोरगी अजून तुमची नक्कल करते, छान करते.

तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडाची चव गेली, जेवेना. मी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि थोडे धपाटे असा डबा केला, पण पाठवायचा कसा, एसटी बंद. शेजारच्यांचा कांद्याचा टेम्पो मार्केटयार्डला निघाला होता त्यात ठेवला. तो पोचतो पहाटे. मला वाटलं कोणीतरी पोरगा पाठवाल, तुम्ही स्वतः पहाटे पाचला स्कूटीवर गुलटेकडीला गेलात, टेम्पोवाल्याने मला फोन करून विचारलं, "एक बाई आल्यात, स्वेटर मास्क कानटोपी, नुसते डोळे दिसतात, त्यांनाच देऊ ना?" म्हणलं त्यांनाच दे बाबा.

14 ला संक्रांत, आणि तोच हिचा वेगळं राहायचा सातवा दिवस. ताप तीन दिवस नव्हता. तुम्ही दारात उभं राहून तिन्ही पोरींना तिळगूळ दिलात, त्याचा फोटो माझ्याकडे आहे, तुमचा अर्धा चेहरा मास्कमध्ये आणि पोरींचे केस कसेही. त्या फोटोवर मात्र मी खूप रडले, आजारपणात रडले नव्हते.

1 फेब्रुवारीपासून कॉलेजं परत चालू झाली. या वेळी हमीपत्रावर मीच आधी सही केली आणि ह्यांना म्हणलं, तुम्ही नुसते सोडून या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं फक्त.

पोरगी 2024 ला पास झाली, आता पुण्यातच नोकरीला आहे. तुम्हाला पेढे द्यायला आली होती तेव्हा म्हणे तुम्ही पहिलं तिच्या वजनावरून बोललात.

एक राहिलंच. तो टेम्पोतून आलेला स्टीलचा डबा तुमच्याकडेच आहे. रिकामा कसा परत करायचा म्हणून ठेवलाय असं तुम्ही पोरीला म्हणालात. त्याच्यावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे, आणि त्या महिन्यातून एकदा तरी विचारतात, माझा डबा कुठंय. दर वेळी मी सांगते पुण्याला मॅडमकडे आहे, दर वेळी त्या विचारतात कोण मॅडम, मग मी हे सगळं पहिल्यापासून सांगते. तर तो डबा कुणाबरोबर पाठवू नका. स्वतः घेऊन या, आईंना पण आणा, जानेवारीत हुरडा असतो, आणि एसटी चालू आहे आता.

तुमची,
बार्शीची आशाताई