बाबा, त्या गेममध्ये दलाल का नाही

पुणे,
जूनचा पहिला आठवडा

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं रोज बोलणं होतं, पण बाबा दोन वाक्यांत "हां, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात आणि आईचं जेवण, पाणी, शेजारपाजार होईस्तोवर माझी ऑफिसला निघायची वेळ होते. म्हणून पत्र लिहितेय. मृग लागायच्या आत पोचलं तर बरं. एकदा तरवा काढायला झाला की तुम्ही पत्र वाचणार नाही, दिव्याखाली घडी करून ठेवाल.

बाबा, पौषात आलात तेव्हा एका रात्री तुम्ही माझ्या मागे उभे राहून लॅपटॉपवर काय चाललंय ते बराच वेळ पाहिलंत. मी बटाटे खणले, घराशेजारच्या लाकडी पेटीत टाकले, गेममधल्या बाईला झोपवलं आणि सकाळी पैसे जमा. तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "दलाल खंय आसा?" तुमचा जावई अजून ते आठवून हसतो. मी मात्र उत्तर दिलं नव्हतं, ते आता देते.

त्या गेमचं नाव स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन नावाच्या सिॲटलच्या एका मुलाने चार वर्षांहून जास्त काळ घरी बसून तो एकट्याने केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, माणसांचे संवादही त्याचेच. पैशांसाठी तो संध्याकाळी नाट्यगृहात डोअरकीपरचं काम करायचा. २०१६ साली गेम बाहेर आला आणि आजवर त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्यानंतर त्याने जी भर घातली ती फुकट वाटली. हे तुम्हाला आवडेल. पण त्याला ही कल्पना सुचली ती १९९६ सालच्या एका जपानी गेमवरून. तो करणारे यासुहिरो वादा जपानातल्या मियाझाकी भागातल्या खेड्यात वाढलेले, नंतर टोकियोला आलेले. शहरात त्यांना गावाची आठवण यायला लागली आणि त्यांनी शेतीचा गेम केला. म्हणजे बाबा, ज्याने गाव सोडलं त्याने मागे वळून बघताना ते रचलंय. दलाल त्यात कसा असेल? वाशीच्या बाजारात आंब्याची पेटी गेल्यावर दलालाकडून हिशेबाची पट्टी येईपर्यंत ओटीवर येरझाऱ्या घालणारा माणूस असला गेम करणार नाही.

बाकीचं ऐकाल तर तुम्ही चष्मा काढून ठेवाल. तिथे चार ऋतू, प्रत्येक अठ्ठावीस दिवसांचा. पावसाळा नावाचा ऋतूच नाही. अधूनमधून पाऊस पडतो, आणि पडला म्हणजे त्या दिवशी झारीने पाणी घालायला नको, एवढाच त्याचा अर्थ. टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात आणि ते खरं निघतं. कावळे पीक खातात, पण बुजगावणं लावलं की येत नाहीत. बुजगावण्याला घाबरणारे कावळे! माकडं नाहीत, रानडुक्कर नाही, लावणीला माणसं मिळत नाहीत म्हणून दारोदार फिरणं नाही. ऋतू बदलला की उभं पीक एका रात्रीत वाळून जातं, तेवढा एक धाक आहे. पण तो सगळ्यांना आधीपासून माहीत असतो, त्यामुळे त्याला धाक तरी कसं म्हणायचं.

मग मी का खेळते? शेतीसाठी नाहीच. त्या गावात तीसेक माणसं आहेत आणि गेम मुळात त्यांच्याशी ओळख वाढवायचा आहे. प्रत्येकाचा दिनक्रम ठरलेला, वाढदिवस ठरलेला, कोणाला काय आवडतं ते हळूहळू कळतं. जॉर्ज म्हणून एक आजोबा आहेत. व्हीलचेअरवर असतात, दिवसभर टीव्हीसमोर, आणि पहिल्या भेटीत नीट बोलत नाहीत. त्यांना लीक नावाची भाजी प्रिय. आपल्या पातीच्या कांद्याच्या घरातली, रानात आपोआप उगवते. मी वसंतात शोधून शोधून ती नेऊन देते. आता बोलतात. त्यांची बायको एव्हलिन गावातली फुलझाडं बघते आणि सगळ्यांना "मला आजी म्हणा" सांगते. आई, तुझ्यासारखीच, फक्त ती नको तेव्हा लग्नाचं विचारत नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या गेमची खटकते. वर्षं उलटतात, पण तिथे कोणाचं वय वाढत नाही. शाळेतली पोरं शाळेतच, जॉर्ज-एव्हलिन होते तसेच. पहिल्या वर्षी हे लक्षात येत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षी यायला लागतं, आणि मग त्या गावात जरा गुदमरायला होतं. तुम्ही इथे आलात तेव्हा बाबा जिना उतरताना कठड्याला हात लावत होते. पूर्वी लावत नव्हते. डॉक्टरांना गुडघा दाखवायचं तुम्ही "लावणी झाल्यावर" म्हणालात. लावणीनंतर बेणणी असते, बेणणीनंतर गणपती, हे मलाही माहीत आहे. कुडाळच्या डॉक्टरांकडे चतुर्थीच्या आत जाऊन या. गाडीचं मी बघते.

आता शनिवारचं. आई, तू विचारलंस की दर शनिवारी रात्री पाच-सहा मोठी माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकतात ते पैसे लावून का. नाही गं. तो गोष्ट सांगायचा खेळ आहे, डन्जन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. त्याआधी लोक छोटे सैनिक मांडून लढाया खेळायचे. यांनी सैन्याच्या जागी एकेक माणूस आणला: हा तुझा योद्धा, ही तुझी चेटकीण, आता ती काय करेल ते तू बोल. एक जण सगळ्या जगाचा कारभार बघतो, राजाही तोच, राक्षसही तोच, वाटेवरचा चहावालाही तोच. आमच्यात ते काम माझ्याकडे आहे.

हे समजावून सांगायला मला इथल्या लोकांना बराच वेळ लागतो, तुम्हाला लागणार नाही. आपला दशावतार काय वेगळा असतो? लिहिलेली संहिता नाही. रंगायला बसल्यावर आज कुठलं आख्यान ते ठरतं, कोण राजा, कोण ऋषी ते ठरतं, आणि बाकीचं सगळं समोर प्रेक्षक असताना जुळवायचं. समोरच्याने एक वाक्य टाकलं की ते झेलायचं आणि पुढे न्यायचं. संकासुराला कोणी प्रेक्षकातून काही बोललं तर त्याचंही उत्तर आलं पाहिजे. आई, तू जत्रेत मला मांडीवर घेऊन सांगायचीस, "आता बघ, हा अडकला, कसा सुटतो ते बघ." मी शनिवारी तेच बघत असते.

फरक एकच आणि तो मोठा आहे. आमच्याकडे वीस बाजूंचा फासा असतो. मागच्या खेपेला माझ्या एका मैत्रिणीने नदीवरच्या नाखव्याला इतकं सुंदर बोलून पटवलं की मी खरं तर त्याला लगेच हो म्हणायला लावणार होते. पण नियम म्हणजे नियम. पंधरा पडायला हवे होते, तिला तीन पडले. मग ते छान बोलणं वाया का गेलं, हे मला तिथल्या तिथे रचावं लागलं. नाखवा बहिरा निघाला. सगळे इतके हसले की वरच्या मजल्यावरून कोणीतरी पाय आपटला. कसलेला दशावतारी राजा स्वतःहून असं तोंडघशी पडणार नाही. आम्हाला फासा पाडतो आणि त्यातून जे निघतं ते आमच्यापैकी कोणालाच सुचलेलं नसतं.

तुमच्या नातीचे कॉमिक कॉनमधले, म्हणजे आवडत्या पात्रांचे वेश करून जमतात त्या मेळाव्यातले फोटो बघून "पैसे घालून कसले हे सोंग" असं कोणीतरी म्हणालं. आई, ते तू नव्हतीस असं मी धरून चालते. कापडाचे तुकडे जोडून, पुठ्ठ्याला सोनेरी रंग देऊन तिने तो पोशाख आपल्या हाताने केला. तिथे तिच्यासारखी शेकडो पोरं होती आणि एकमेकांना थांबवून "हे खांद्यावरचं कशाचं केलंस" विचारत होती. मला तरी ते चांगलं वाटलं. नाही आवडत ते दुसरं: खरा चाहता कोण, कोणी किती पाहिलंय, याची भांडणं. तीही आपल्याला नवी नाहीत म्हणा. एका ठरावीक स्त्रीपार्टीसाठी बाबा सायकलवरून जत्रेमागून जत्रा करत होते आणि दुसऱ्या कंपनीतली सीता बरी म्हणणाऱ्या काकांशी एक आख्खा शिमगा बोलले नव्हते. आजी सांगायची.

आता काम. शनिवारच्या गोष्टीत मला कंटाळा आलाय तो परदेशी भुतांचा. टेबलाभोवती एक नागपूरचा आहे, एक केरळची, आणि सगळे इंग्रजी पुस्तकातल्या राक्षसांशी लढतायत. पुढच्या प्रवासात मला त्यांच्या वाटेवर आपला देवचार, गावाचा राखणदार, उभा करायचा आहे. आई, तुला माहीत आहे ते सगळं हवं. खांद्यावर कांबळ, हातात काठी, हे मला आठवतं. पण तो वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, ते कोणाला? रोट कधी द्यायचा, विडी ठेवायची ती पेटवून की तशीच? आणि राखण द्यायची राहिली तर तो नेमकं काय करतो? आपल्या व्हाळापलीकडच्या आंब्याखालचा आणि देवळामागचा एकच का दोन वेगळे, याबद्दल तुझं आणि बाबांचं पूर्वी जमत नव्हतं. दोघांचंही म्हणणं पाठवा, मी दोन देवचार करीन.

लिहीत बसू नका. फोनवर तो हिरवा ॲप उघडून माईकचं चिन्ह दाबून धरायचं आणि बोलायचं. लांब झालं तरी चालेल. मालवणीतच बोला, मला टेबलावर तसंच म्हणून दाखवायचं आहे. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत आलं तर याच आठवड्यात उभा करते.

तुमची,
बाय