पक्यास, पैलवानाविषयी

सांगली,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय पक्या,

मेसेज टाकायचा सोडून पत्र का, असं म्हणशील. मेसेजवर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस म्हणून. गेल्या दोन वर्षांत आपलं एकूण बोलणं म्हणजे चार अंगठे आणि गणपतीचा एक फोटो. त्यातले तीन अंगठे माझे आहेत, कबूल. आता गुमान बस आणि वाच.

तब्येती बऱ्या आहेत. आईची शुगर आहे तिथंच आहे, माझी पाठ आहे तिथंच आहे. काकूंच्या गुडघ्याचं कळलं, परवा जाऊन भेटून आलो. चालतात छान.

विषय पैलवानाचा आहे. सॅन अँड्रियास गेममधला आपला पैलवान, म्हणजे हिरो सीजेचा जाडा दोस्त बिग स्मोक.

गणपतीत ताईकडं पुण्याला गेलो होतो. भाच्यानं पीएस फाइव्हवर सॅन अँड्रियास लावलं आणि म्हणाला, "मामा, तुमच्या काळातला गेम." तुमच्या काळातला! जणू मी आणि तू टांग्यातून शाळेत जायचो. हा २०२१ ला नव्यानं काढलेला गेम, हे मला माहीत होतं, पण कधी हात लावला नव्हता. विमानतळावर सीजे उतरला, टॅक्सीत बसला, आणि पक्या, सीजे बोलला. तोंडानं. मी दचकलो. पुढं फौजदार टेनपेनी आला, तोही बोलला. भाचा म्हणे, हा सॅम्युएल जॅक्सन आहे, हॉलिवूडचा मोठा नट. असेल बाबा. तू पीटीच्या सरांच्या आवाजात "वह्या कुठायत?" म्हणून जो फौजदार केलास, त्यापुढं मला तो जॅक्सन मिळमिळीत वाटला. हे मी ताईच्या हॉलमध्ये मोठ्यानं बोललो. कुणाला काही कळलं नाही.

कळणार कसं? आपली ती ऐंशी रुपयांची सीडी त्यांनी कुठं बघितलीय! डीव्हीडीभर गेम एका सीडीत कोंबायचा म्हणून कुणीतरी त्यातली गाणी काढली, माणसांचे आवाज काढले आणि उरलं ते आपल्याला विकलं. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती वाचायला वेळ कुणाला होता? तू बोलायचास. सगळ्यांचं तूच बोलायचास. मला तर कित्येक दिवस वाटत होतं की सीजेची आई आजारानं गेली आणि हा दहाव्याला आलाय. तिला गोळ्या घातल्या होत्या, पक्या. तू ते साफ गाळलंस.

नव्या आवृत्तीची २०२१ च्या नोव्हेंबरात लोकांनी जी धुलाई केली, ती मी तेव्हा वाचली होती. परवाने संपले म्हणून काही गाणी गाळली, यावर जगभर आरडाओरडा. मी मनात म्हटलं, आम्हाला विचारा, आम्ही एकही गाणं न ऐकता गेममधलं लास व्हेंचुराज शहर गाठलंय. पण बाकीच्या तक्रारी खऱ्या होत्या. कंपनीनं काम ज्या स्टुडिओला दिलं त्याचं नाव ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स. म्हणजे सीजेच्याच गल्लीची पाटी लावलेली, आणि तिथंच घोळ! आतली जुनी जुळणी तशीच ठेवून दिसणं तेवढं अनरिअल इंजिनावर चढवलं. माझ्या पंपांच्या मोटारींच्या धंद्यात हे रोज चालतं. वाइंडिंग तेच, वरून रंग मारलेला, आणि गिऱ्हाईक म्हणतं मोटार पहिल्यासारखी वाजत नाही. वाजणार कशी?

त्यातला एक किस्सा तुला आवडेल. डोनटच्या दुकानावर तो मोठा नट होता बघ, टफ नट नावाचा. सहा कडांचा, आपला बोल्टवरचा नट. विनोदच तो होता. नव्यात सगळ्या वस्तू गुळगुळीत करण्याच्या नादात त्याच्या कडा गेल्या आणि नट गोल झाला. गोल नट! त्याला पाना कुठं लावायचा? मी हे दुकानातल्या पोऱ्याला दाखवलं तर तो पण हसला, आणि त्याला कशाचंच हसू येत नाही.

आणि धुकं. हे मला जास्त लागलं. मूळ गेम ज्या मशीनवर आला त्या पीएस टूला मेमरी किती, तर ३२ एमबी. आज फोनमधले आठदहा फोटो त्यात मावले तर मावले. लांबचं सगळं त्यात बसायचं नाही, म्हणून ते धुक्यात ठेवलं होतं. नव्या मशीनला ती अडचणच नाही, म्हणून यांनी धुकं काढून टाकलं. झालं काय, की चिलियाडच्या डोंगरावर उभं राहिलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खं राज्य दिसायला लागलं. शहर, वाळवंट, परत शहर, एकाच नजरेत. नकाशा एका बाजूनं जेमतेम सहा किलोमीटरचा आहे रे. इथून निघालं तर विश्रामबागच्या पुढं कुठंतरी संपतो, मिरज पण येत नाही. आणि आपण तिथं गावाकडं जायचं म्हणून पेट्रोल पुरेल का, अशी चर्चा केलेली मला आठवतेय. त्या गेममध्ये पेट्रोल संपतच नाही हेसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं.

लोक ओरडले, कंपनीनं माफी मागितली, पुढं २०२४ च्या नोव्हेंबरात जुना उजेड आणि जुनं आकाश परत दिलं. फोनवरच्या आवृत्तीत ते आधीच होतं. परत आल्यावर भाच्यानं तीच नेटफ्लिक्समधून माझ्या फोनवर टाकून दिली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा खेळतो. मिशन हुकलं तर आता तिथूनच लगेच परत सुरू करता येतं. ट्रेनचं मिशन मी नऊ वेळा हुकलो आणि एकदाही गाडी चालवत माघारी यावं लागलं नाही. तुला आठवतंय आपण किती यायचो? हुकलं की दवाखान्यातून निघायचं, गाडी चोरायची, सगळं शहर ओलांडायचं. तू इंजिनिअरिंगला जाणार नाहीस, हे मला त्या रस्त्यावर सांगितलंस. स्क्रीनकडं बघत. समोरासमोर बोलला असतास तर मी भांडलो असतो. (भांडलोच नंतर. तू मस्कतला पोचलास, मी मोटारी गुंडाळतोय, म्हणजे बरोबर कोण होतं ते दिसतंयच.)

ट्रेनच्या मिशनवरून आपलं वाजलं होतं ते तरी आता मिटव. मी म्हणत होतो पैलवानाला नेम धरता येत नाही, तू म्हणत होतास मला गाडी चालवता येत नाही. आता आवाज आल्यावर कळलं, तो स्वतः हुकतो आणि वर सीजेलाच ओरडतो. म्हणजे मी बरोबर होतो. एकोणीस वर्षांनी, पण बरोबर.

पण मुद्दा याच्या पुढचा आहे, आणि तो लिहायला मला आठ दिवस लागलेत.

पैलवान फितूर आहे, पक्या.

पुलाखाली ती हिरवी गाडी दिसते, पैलवान आणि सीजेचा दुसरा दोस्त रायडर विरुद्ध टोळीच्या गुंडांबरोबर उभे असतात. तू काय सांगितलं होतंस? "पैलवान सासुरवाडीची गाडी दुरुस्तीला देतोय." सीजेच्या आईला मारलं ती गाडी होती ती. त्यानंतर पैलवान दिसेना झाला तेव्हा तू म्हणालास, गावाला गेलाय, जत्रा आहे. मी खरं मानलं. नंतर तासगावची जत्रा आली की मला खरंच तो आठवायचा, ती टोपी घालून प्रसाद खाणारा.

आता मी शेवटच्या मिशनच्या दारात आहे. त्या इमारतीत शिरायचं, वरच्या मजल्यावर पैलवान बसलेला असतो, आणि त्याला आपणच मारायचं असतं. भाच्यानं आधीच फोडलं: मामा, तुम्ही जाता तेव्हा तो व्हिडिओ गेम खेळत बसलेला असतो. हे ऐकून तर माझा हातच थंड पडला. दहा दिवस झाले, मी ग्रोव्ह स्ट्रीटवर सायकल फिरवतोय. पस्तिशीचा माणूस, दुकानात सहा पंप पडलेत, शेतकऱ्यांचे फोन येतायत, आणि मला हे सुधरत नाही. बायकोला सांगून बघितलं. तिनं कपाळाला हात लावला, ताप नाही म्हणाली.

आपण तेव्हा इथवर का पोचलो नाही, ते आता सांगतो.

बारावीच्या आधीचा तो मार्च. सत्त्याण्णव टक्के झालेली तुझी फाइल. मी तुला सांगितलं, सेव्ह करताना लाईट गेली आणि फाइल खराब झाली. लाईट गेली नव्हती. चारचं लोडशेडिंग होतं, चारला पाच कमी होते, मी घाईत माझा नवा गेम तुझ्या तिसऱ्या स्लॉटवर सेव्ह केला. लाईट त्यानंतर गेली. अंधारात बसून मी आधी गोष्ट तयार केली, मग तुझ्याकडं आलो. तू लाईटवाल्यांना ज्या शिव्या दिल्यास त्या खरं तर माझ्या होत्या. घेतो आता.

हे आत्ताच का, तर आईनं दिवाळीची साफसफाई काढलीय आणि माळ्यावरचा कॉम्प्युटर भंगारवाल्याला द्यायचं ठरवलंय. कंपनीनंही तेच केलं होतं बघ, नवा गेम यायच्या आधी जुने दुकानातून उचलले, लोक चिडल्यावर परत ठेवले. आईवर कोण चिडणार? वसुबारसेपर्यंतची मुदत मिळवलीय. मॉनिटर मेला आहे. आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचे, एसएमपीएसचे, दोन कॅपॅसिटर फुगले होते, ते बदलले. हार्ड डिस्क फिरते, तोच कटकट आवाज करते, आई स्वयंपाकघरातून म्हणाली "बंद कर ते". दुसरा मॉनिटर जोडून अजून बघितलं नाही. तिसऱ्या स्लॉटवर तारीख आणि वेळ असणार, तीन पंचावन्न.

तुझं कसं चाललंय? नवीन फ्लॅट झाला म्हणे, समुद्र दिसतो का? पिल्लू मराठी बोलते की नाही? वहिनींना नमस्कार. या गेमचा सहावा भाग येणार आहे म्हणे, त्यासाठी मशीन घेणार असशील तर मला किमतीचं सांगू नकोस.

दिवाळीला येतोयस असं काकू म्हणाल्या. पंधराच्या आधी आलास तर शेजारचा जुना मॉनिटर मागून ठेवतो. फोनवर शेवटचं मिशन तसंच ठेवलंय. खेळायचं असेल तर आवाज बंद करू, तू बोल. पैलवानाला काय बोलायला लावायचं ते तुझं तू ठरव, मला सुचत नाही.

तुझा,
सुन्या

ता. क. ती ऐंशी रुपयांची सीडी मी आणली होती. तुझे चाळीस अजून यायचेत.